टर्बो पेट्रोल गाडीचं मिसिंग आणि इग्निशनचे बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन सिलिंडरची छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं आता तालुक्याच्या गावांतही सर्रास दिसतात. जुन्या साध्या पेट्रोल इंजिनावर हात बसलेल्या माणसालाही त्यांचं मिसिंग चकवतं. आधी कॉईलचा (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) सेट, मग प्लग, मग पंप, असं एकेक बदलत गेलं की बिल वाढतं आणि दोष तिथेच राहतो. कोणता सिलिंडर मिस करतोय आणि केव्हा, ही दोन उत्तरं हातात आल्याशिवाय कुठलाही भाग मागवू नका. खालचं सगळं त्याच दोन प्रश्नांभोवती फिरतं.

गाडी मिसिंग मारते म्हणजे आत नेमकं काय होतं?

एखाद्या सिलिंडरात त्या वेळचा जाळ नीट लागत नाही. ठिणगी पडत नाही, पेट्रोल कमी-जास्त पडतं किंवा दाब टिकत नाही, यांपैकी काहीतरी. चार सिलिंडरच्या गाडीत क्रँकच्या दर १८० अंशांना एक धक्का मिळतो, तीन सिलिंडरच्या गाडीत दर २४० अंशांना. त्यामुळे तीनपैकी एक गेला की ताकद एक तृतीयांश जाते आणि स्टेअरिंगपासून सीटपर्यंत सगळं थरथरतं.

ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, हे कळतं ते क्रँक सेन्सरमुळे. दातेरी चक्राचा वेग प्रत्येक जाळानंतर किंचित वाढायला हवा. तो वाढला नाही की त्या सिलिंडरच्या नावावर एक मिस चढतो. म्हणूनच फार खराब रस्त्यावर, चाकं आदळत असताना, क्वचित खोटा मिसही नोंदला जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावर एकदाच कोड (ईसीयूने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) आला, गाडी मात्र गुळगुळीत चालते, अशा वेळी कोड पुसा, चांगल्या रस्त्यावर चालवून बघा आणि मगच पुढचं ठरवा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. गाडी चालवू का?

दिवा स्थिर असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर रेस सोडा आणि जागा बघून थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळते. काही शेकड्यांचा प्लग वाचवायला गेलात तर हजारोंचा कन्व्हर्टर जातो. समृद्धीवर १२० च्या वेगात असं झालं तर ‘पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ’ म्हणून दामटू नका.

थांबलेली गाडी मस्त चालते, पण ओव्हरटेक करताना किंवा घाटात गचके खाते. असं का?

टर्बो गाडीत सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक वेळा दोष ठिणगीचाच निघतो.

प्लगच्या दोन टोकांमधली हवा जितकी दाट, तितकं ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, सिलिंडरात हवा अगदी कमी असते, तेव्हा थकलेली कॉईलही ठिणगी पाडून जाते. तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबता, टर्बो भरतो, १ बार बूस्टला (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) आत साधारण दुप्पट हवा कोंबली जाते, आणि तीच ठिणगी आता पडत नाही. वीज मग सोपी वाट शोधते. कॉईलपासून प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीला, म्हणजे बूटला, बारीक चीर असेल, प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर कार्बनची रेघ असेल, तर तिथून ती इंजिनच्या धातूत उतरते.

वापराने प्लगची टोकं झिजतात आणि त्यांच्यातलं अंतर, म्हणजे गॅप, वाढतो. ०.७ मिलिमीटरचा गॅप ०.९ झाला तर साध्या गाडीला पत्ताही लागत नाही. टर्बोला लागतो. म्हणून मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट चढताना गचके आणि गावात सगळं ठीक, असं चित्र दिसलं की सुरुवात प्लगच्या गॅपपासून करायची. पेट्रोल पंपाला किंवा ‘खराब पेट्रोल’ला शिव्या देणं नंतर.

स्कॅनर लावल्यावर काय वाचायचं?

मोबाईलला जोडायचा साधा ओबीडी अडॅप्टरही (गाडीतले कोड वाचणारं छोटं यंत्र) सुरुवातीला पुरतो. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचा मिस. पी०३०० म्हणजे ठरावीक एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असा मिस. हा दिसला की कॉईल-प्लगच्या आधी सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघा: पेट्रोलचा दाब, हवेची गळती, टायमिंग, बॅटरी, अर्थिंग. पी०३५१ पासून पुढचे कोड कॉईलच्या वायरिंगचे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी. पी००८७ म्हणजे रेलमध्ये, इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब कमी. पी००१६ आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, तेव्हा टायमिंग चेनकडे बघा.

कोडपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम, हे त्यात साठलेलं असतं. आरपीएम २२००, लोड ९० टक्के, इंजिन गरम, असं असेल तर संशय ठिणगीवर. आरपीएम ७५०, इंजिन गार असेल तर इंजेक्टर, व्हॉल्व्हवरचा कार्बन किंवा कूलंटची गळती. पुष्कळ ठिकाणी स्कॅनर लावतात, कोड वाचतात आणि लगेच पुसून टाकतात. पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा.

दोष कॉईलचा, प्लगचा की इंजेक्टरचा, हे खर्च न करता कसं ओळखायचं?

अदलाबदल करून. समजा पी०३०२ आहे.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढला तर आटे निघून येतात, आणि तो खर्च वेगळाच. इग्निशन बंद करा. दोन नंबरच्या कॉईलचं कनेक्टर काढा. त्याची प्लास्टिकची कडी उन्हाने कडक झालेली असते, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, दाबून सोडवा. कॉईल सरळ वर ओढून तीन नंबरवर बसवा, तीनची दोनवर. कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत गचके येत होते त्याच परिस्थितीत गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉईल किंवा तिचा बूट दोषी. पी०३०२ च राहिला तर आता प्लगची अदलाबदल. तरीही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कॉईल आणि प्लग एकत्र हलवले तर कोड हलल्यावरही दोषी कोण ते कळत नाही.

सिलिंडरचा क्रमांक बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूने सुरू होतो, काही गाड्यांत फ्लायव्हीलच्या बाजूने. मॅन्युअलमध्ये बघून घ्या, नाहीतर चुकीच्याच भोकात शोध चालू राहील.

आणि चालू इंजिनवर एकेक कॉईल उपटून ‘फरक पडतो का’ बघायची जुनी सवय इथे सोडा. कॉईलमध्ये ३० हजार व्होल्टच्या पुढे वीज असते, ती हाताला किंवा कॉईलमधल्याच इलेक्ट्रॉनिक्सला मारते, आणि कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. एकेक सिलिंडर बंद करून बघायची सोय चांगल्या स्कॅनरमध्ये असते.

प्लग काढला. आता त्यावर काय बघायचं?

काढण्याआधी प्लगच्या खोबणीत हवा मारा. पंक्चरवाल्याची नळी चालते. काळ्या मातीची धूळ तिथे थरावर थर बसलेली असते आणि प्लग निघताच ती थेट पिस्टनवर पडते.

मग प्लग उजेडात धरा आणि हळूहळू फिरवा. पांढऱ्या चिनीमातीवर षटकोनापासून वर टोकापर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज तिथून पळत होती. बूटच्या आत त्याच जागी राखाडी किंवा पांढुरका ओरखडा सापडेल. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही एकदम बदला. एकच बदलला तर जुन्यावरची रेघ नव्याला महिनाभरात जाळते. षटकोनाच्या अगदी वर चिनीमातीला तपकिरी कडं दिसलं तर मात्र घाबरू नका. ते हवेतल्या तेलकट कणांमुळे पडतं आणि निरुपद्रवी असतं. त्याला ‘कॉम्प्रेशन लीक’ म्हणून प्लग विकले जातात.

खालच्या टोकाला फिकट तपकिरी किंवा करडा रंग असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलसर, चिकट काळं म्हणजे ऑइल, आणि ते टर्बोच्या सीलमधून, व्हॉल्व्ह सीलमधून किंवा पीसीव्हीमधून (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) येत असेल. पांढरंफटक आणि फोड आलेलं टोक म्हणजे अति उष्णता. टोकावर बारीक चमकदार ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. मग गाडी चालू करू नका, आधी कॅमेरा टाकून पिस्टन बघा.

गॅप किती ठेवायचा आणि प्लग किती कसायचा?

टर्बो पेट्रोलमध्ये गॅप बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, साध्या इंजिनात १.० ते १.१. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलचा. नवा प्लगही तारेच्या गेजने मोजून बसवा, डब्यात आदळून गॅप बदललेला असतो. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं. त्याला टेकवून पट्टीने जोर दिला तर ते तुटतं. वाकवायचा तो फक्त बाहेरचा हुक, तोही जरासा.

कसताना आधी हातानेच आटे धरू द्या. १२ मिलिमीटर आट्याच्या प्लगला साधारण १५ ते २० न्यूटन-मीटर, १४ मिलिमीटरला २५ ते ३०. टॉर्क पाना नसेल तर वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश वेढा. वॉशर नसलेल्या, उतरत्या बैठकीच्या प्लगला फक्त एक सोळांश. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, ते लावून त्याच टॉर्कला कसलं तर प्लग गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फक्त बूटच्या आतल्या कडेला.

प्लग विकत घेताना किमतीवर भुलू नका. इरिडियमच्या नावाने साधे निकेलचे प्लग विकले जातात. मधलं टोक जाड दिसलं, छपाई नखाने निघाली, आटे खरखरीत लागले तर परत करा.

कॉईल मल्टिमीटरवर बरोबर दाखवते, तरी मेकॅनिक ती खराब म्हणतो. कोण खरं?

दोघंही असू शकतात. मल्टिमीटर गार कॉईलचा रेझिस्टन्स मोजतो. आतल्या वेटोळ्यांचं इन्सुलेशन ९० अंशांवर आणि पूर्ण बूस्टला फुटतं का, हे तो सांगत नाही. शिवाय तीन-चार पिनांच्या कॉईलमध्ये आत ट्रान्झिस्टर असतो, तिथे ओहमचा आकडा फसवाच निघतो. मीटरचा खरा उपयोग कनेक्टरवर: एका पिनवर बॅटरीइतकं व्होल्टेज येतं का, अर्थच्या पिनवर पूर्ण अर्थ मिळते का. हे दोन्ही ठीक आणि अदलाबदलीत कोड हलला, तर कॉईल बदला. सगळ्या बदलायची गरज नाही. मात्र गाडी लाखभर किलोमीटर पळलेली असेल आणि एक गेली असेल तर एक जास्तीची डिकीत ठेवणं शहाणपणाचं.

वॉशिंग सेंटरवरून आणली तेव्हापासून मिस मारते.

प्लगच्या खोबणीत पाणी गेलंय. प्रेशरच्या नळीने इंजिन धुऊ नये, ते याचसाठी. कॉईली काढा, हवेने पाणी उडवा, बूट आतून कापडाने पुसा, तासभर उन्हात ठेवा, परत बसवा. नुसतं ‘चालवत राहा, सुकेल’ म्हटलं तर चिनीमातीवर वर सांगितलेली रेघ पडते. खोबणीत पाण्याऐवजी ऑइल सापडलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गेलं आहे. आधी ते, मग बूट.

उंदरांनी वायर कुरतडली तर?

शेतातलं पीक निघालं की उंदीर घराकडे आणि गाडीत येतात. उबदार इंजिनवर बसून ते कॉईलची किंवा इंजेक्टरची वायर खातात. वायर अर्धीच तुटली तर मिस कधी येतो, कधी नाही, आणि माणूस वेडा होतो. लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हळूच हलवत आयडल ऐका. आरपीएम दचकला तिथेच दोष. जोड द्यायचा तर सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड इंजिनच्या उष्णतेत टिकत नाही.

उन्हाळ्यातच त्रास होतो. उन्हाचा संबंध आहे का?

आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ ला असताना बंद केलेल्या गाडीच्या बॉनेटखाली कॉईली पंधरा-वीस मिनिटं आणखी तापत राहतात. बाजारात थांबून परत सुरू केल्यावर गचके आणि दहा मिनिटं चालल्यावर ठीक, असं असेल तर कॉईल बाद व्हायला आली आहे. उन्हाने बॅटरीही लवकर मरते. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळायला हवेत. स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत हा आकडा मधूनमधून खाली येतो, तेवढ्यावरून अल्टरनेटर बदलू नका.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिसिंग होतं का?

निरोगी गाडीत सहसा नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं आणि ईसीयू ते भरून काढतो. इथेनॉल इंजिनचा खडखडाटही (नॉकिंग) कमी करतं. पण आधीच हवेची गळती किंवा घाणेरडे इंजेक्टर असतील तर भरून काढायची मर्यादा संपते आणि लपलेला दोष वर येतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही, अधिक १५-२० असेल तर गळती शोधा.

पाण्याचा धोका वेगळा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की ते दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत किंवा गावच्या ड्रममधून भरलेल्या पेट्रोलमध्ये हे घडतं. काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं पेट्रोल काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उपसा. आपल्याच उसाचं इथेनॉल असलं तरी पाण्याशी त्याचं नातं तेच!

प्लग, कॉईल सगळं नवं, तरी त्याच सिलिंडरचा मिस. आता?

आता कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, कॉईल आणि इंजेक्टरचा पुरवठा तोडा, रेस पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा झटके मोजा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या गाड्यांमध्ये इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन तपासा. अशा इंजिनात व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, मग धुणार कोण? गार इंजिनला सकाळी मिस आणि गरम झाल्यावर गायब, ही त्याची खूण. टाकीत ओतायचं क्लीनर तिथे पोचत नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीचा मारा करूनच तो निघतो.

या गाड्यांच्या पेट्रोल लाइनला घरी हात लावू नका. रेलमधला दाब पूर्ण लोडला २०० बार आणि त्याहून पुढे जातो, आणि इंजिन बंद केल्यावरही लगेच उतरत नाही.

बूस्टची गळती आणि मिसिंग यांतला फरक कसा ओळखायचा?

गळतीत गाडी मऊ पडते, पिकअप जातो, ‘फुस्स’ आवाज येतो, पण झटके सहसा नसतात. मिसमध्ये झटके असतात. इंटरकूलरच्या नळ्यांच्या जोडांवर धुळीत चिकटलेला ऑइलचा ओला डाग दिसला तर क्लॅम्प तिथेच सैल आहे. डाग नसेल तर धूर टाकून तपासणी करून घ्या.

कमी आरपीएमला पाय दाबला की ‘खट्ट’ असा आवाज येतो.

तो मिस नाही. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि मिसपेक्षा ते धोकादायक आहे. एका फटक्यात पिस्टनची रिंगेची कड तुटू शकते. पाचव्या गिअरमध्ये १४०० आरपीएमवर पूर्ण रेस देऊ नका, गिअर उतरवा. गाडीच्या मॅन्युअल पुस्तिकेत परवानगी असेल तर एपीआय एसपी दर्जाचं ऑइल वापरा, त्यात या दोषाचा विचार केलेला आहे.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना काही सेकंद मिस, पांढरा धूर, नंतर ठीक.

कूलंट सिलिंडरात झिरपतोय का बघा. कूलंटच्या डब्यातली पातळी आठवडाभर रोज गार इंजिनवर खुणेने नोंदवा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकत असाल तर आजच थांबवा. आपल्याकडच्या जड पाण्याने आतल्या वाटा क्षाराने बुजतात, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट जातं.

ऑक्टेन वाढवणारी बाटली टाकू का?

नको. काहींमध्ये लोखंडाचे संयुग असतं, त्याने प्लगच्या टोकावर विटकरी लाल थर बसतो आणि तो थर वीज वाहतो. मिस घालवायला टाकलेली बाटलीच मिस आणते.

रीमॅप (ताकद वाढवायला ईसीयूचं प्रोग्रामिंग बदलणं) केल्यापासून वरच्या आरपीएमला तुटते.

बूस्ट वाढवला, प्लग जुनेच. गॅप ०.६ च्या आसपास आणा आणि उष्णतेच्या मापात एक पायरी थंड प्लग घ्या. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये उलट. इथेच लोक चुकतात.

डिझेल टर्बोला हे सगळं लागू आहे का?

नाही, त्यात ठिणगीच नसते. तिथे इंजेक्टर, डिझेलमध्ये शिरलेली हवा आणि कॉम्प्रेशन हे तीन आधी बघा.

दुरुस्ती झाली हे पक्कं कसं करायचं?

गॅरेजच्या दारात रेस देऊन नाही. कोड पुसा, स्कॅनरवर सिलिंडरनिहाय मिसचा आकडा उघडून सोबत्याच्या हातात द्या, आणि फ्रीझ फ्रेममध्ये होता तोच लोड, तोच आरपीएम गाडीला द्या. त्यासाठी घाट सगळ्यात बरा: तिसरा गिअर, २००० आरपीएमपासून पूर्ण रेस, दोन-तीनदा. आकडा शून्यावर राहिला तर जुने भाग ताब्यात घ्या आणि घरी या. एकाच सिलिंडरचा आकडा दोन-चारने जरी वाढला, तरी पैसे देण्याआधी तो मेकॅनिकला दाखवा.